दुकानाचा मोबाईल रविवारी नेताना

शनिवार संध्याकाळपर्यंत माझ्या मोबाईलला वॉर्निश आणि ग्रीस लागलेलं असतं. रविवारी सकाळी तोच पुसून घेतो आणि त्यावरून उपासनेत बायबलमधला शास्त्रपाठ वाचतो. नेवासा तालुक्यात माझं मोटारी भरायचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळायचं, लहानसं दुकान आहे आणि दोन वस्त्यांवरच्या ख्रिस्ती मंडळीची सेवा माझ्याकडे आहे. पगारी पाळक मी नाही. बायबलमधला प्रेषित पौल पोटासाठी तंबू करायचा, मी मोटारी भरतो. सेवेत नव्यानं आलेली पोरं विचारतात, "भाऊ, कोणतं ॲप टाकू?" ॲपचं नंतर बघू. आधी मोबाईलला वहीसारखं वापरायची सवय लागली पाहिजे.

ती मला दुकानानं लावली. जळालेली मोटार उघडली की तार कापण्याआधी फोटो काढायचे, एक नेमप्लेटचा आणि दोन्ही बाजूंच्या कनेक्शनचे. मग एक कॉइल सोडवून टर्न म्हणजे तारेचे वेढे मोजायचे, तारेचा गेज म्हणजे जाडी घ्यायची. हात काळे असतात, म्हणून गूगल कीप या टिपणांच्या ॲपमध्ये कीबोर्डचा माइक दाबून मराठीतच बोलतो: "तीन फेज, पाच एचपी, चोवीस स्लॉट." आकडे मात्र परत वाचून घ्या, माइक कधी काय ऐकेल याचा नेम नाही. वर शेतकऱ्याचं नाव, गाव आणि तारीख. तीच मोटार दोन वर्षांनी पुन्हा जळून आली तर मोजमाप तयार असतं.

घरभेटीलाही हेच. घरातून निघालो की गाडीला किक मारण्याआधी दोन ओळी बोलून टाकतो: पोराची दहावीची परीक्षा कधी, आजीचं ऑपरेशन कोणत्या तारखेला, पुन्हा कधी यायचं. घरच्यांनी मन मोकळं करून जे सांगितलं ते मात्र त्यात लिहीत नाही.

हे चूक करूनच शिकलो. एका बहिणीनं आपल्या आजाराचा रिपोर्ट मला दाखवला. मी चांगल्या मनानं मंडळीच्या ग्रुपवर तिच्या नावानिशी प्रार्थनेची विनंती बोलून टाकली. संध्याकाळपर्यंत तो व्हॉइस मेसेज फिरत फिरत तिच्या सासरच्या गावी पोचला. ती दोन महिने उपासनेला आली नाही, आणि मला तिच्या दारात उभं राहायची लाज वाटत होती. आता आधी विचारतो, "ग्रुपवर सांगू का? सांगितलं तर काय शब्दांत सांगू?" "आपल्या एका बहिणीसाठी प्रार्थना करा" असं मोघम लिहूनही भागत नाही. चाळीस घरांच्या मंडळीत ती बहीण कोण, हे दुपारपर्यंत सगळ्यांना कळतं. म्हणून नाजूक विषय असला तर तिच्याच संमतीनं दोघी वडीलधाऱ्या बहिणींना फोन करतो, लिहीत काहीच नाही. कीपमध्ये फक्त नावाचं पहिलं अक्षर आणि तारीख.

दुसरा धोका एकाच मोबाईलवर दोन कामं असण्याचा. दुकानातला पोरगा गिऱ्हाइकाला नेमप्लेटचा फोटो दाखवायला गेला, बोट सरकलं आणि पुढचा फोटो निघाला एका घरच्या दफनविधीचा. त्या रात्री मंडळीचे सगळे फोटो गूगल फोटोजच्या लॉक फोल्डरमध्ये हलवले, व्हॉट्सॲपवरच्या खासगी चॅटना कुलूप लावलं. मोबाईल दुसऱ्याच्या हातात द्यायचाच झाला तर सेटिंगमधून ॲप पिन करा, म्हणजे तेवढं एकच ॲप उघडं राहतं.

ग्रुपवर फक्त ॲडमिननं बोलायचं, अशी सेटिंग ठेवा, नाहीतर वचनाच्या वर सुप्रभातची फुलं येऊन पडतात. मला ब्रॉडकास्ट लिस्ट जास्त आवडते. एका लिस्टमध्ये 256 जण बसतात, आणि उत्तर आलं तर ते फक्त आपल्यालाच दिसतं. पण आपला नंबर ज्याच्या मोबाईलमध्ये सेव्ह नाही त्याला तो मेसेज जातच नाही. म्हणून पहिल्याच भेटीत समोर बसून नंबर सेव्ह करून घेतो. व्हिडिओ शक्यतो नको, त्यानं लोकांचा डेटा आणि मेमरी दोन्ही संपतात. तीन मिनिटांचा आवाज पुरतो. आमच्याकडच्या बाया कापूस वेचताना ऐकतात, आणि वाचता न येणाऱ्या आजीलाही तो ऐकता येतो. शनिवारी रात्री 'उपासना संगीत' या आमच्या गीतपुस्तकातले गीतांचे नंबर आणि पेटीच्या सुरात म्हटलेली पहिली ओळ पाठवतो. रेव्हरंड ना. वा. टिळकांचं भजन असलं की ताल कुणाला सांगावा लागत नाही.

आता ॲप. मी यूव्हर्जन हे बायबलचं ॲप वापरतो. त्यात मराठीच्या एकापेक्षा जास्त आवृत्त्या आहेत. माझ्या मंडळीत बायबल सोसायटीचं पवित्र शास्त्र पाठ असलेल्या आज्या आहेत. शब्द बदलला की त्यांचे हलणारे ओठ थांबतात. म्हणून तुमच्या मंडळीच्या हातात जी आवृत्ती असेल तीच घ्या आणि डाउनलोड करून ठेवा, कारण वस्तीवर रेंज नसते. अक्षर मोठं करा आणि स्क्रीन दहा मिनिटं विझणार नाही असं बघा. मोबाईल नुसता सायलेंट ठेवू नका, एरोप्लेन मोडवर टाका. ब्लूटूथ बंद झालं तर तेवढं परत चालू करा. एकदा स्तोत्र 51 चालू असताना ब्लूटूथ स्पीकरवर रिंग वाजली. गडबडीत उचलला गेला आणि सगळ्या मंडळीनं ऐकलं, "भाऊ, मोटार झाली का?"

पैशांचं थोडक्यात सांगतो. अर्पणाचा क्यूआर कोड मंडळीच्या खात्याचाच हवा आणि हिशेब खजिनदाराकडे. माझ्या दुकानाच्या कोडवर काहींनी अर्पण टाकलं होतं, ते वेगळं काढताना तीन संध्याकाळी गेल्या. आणि वस्तीवर सगळ्यांना सांगून ठेवा, पैसे घ्यायला यूपीआयचा पिन लागत नाही. कुणी पिन मागितला की फोन ठेवून द्यायचा.

दफनविधीला मात्र मी कागदाचंच पवित्र शास्त्र नेतो. उन्हात स्क्रीन दिसत नाही, आणि अशा वेळी बॅटरीचा भरवसा मी धरत नाही. मोबाईल गाडीच्या डिकीत राहतो. मोटारवाल्यांचे मिस्ड कॉल घरी आल्यावर बघतो.