अर्थशास्त्र शिकणाऱ्या मुलाला घरून मदत कशी करावी

अर्थशास्त्र सुरू झालं की पहिले दोन-तीन आठवडे मुलं निवांत असतात. मागणी, पुरवठा, खर्च, बाजार, सगळे शब्द ओळखीचे. गोची तिथेच होते. रसायनशास्त्रातला शब्द नवा असतो म्हणून मूल त्याची व्याख्या उघडून बघतं. इथे शब्द रोजच्या बोलण्यातला, म्हणून अर्थ माहीत आहे असं धरून पुढे जातं, आणि चाचणीत मार्क कुठे गेले तेच कळत नाही. घरून करण्यासारखी सगळ्यात उपयोगी मदत इथे आहे. त्यासाठी पालकांना हा विषय येत असलाच पाहिजे असं नाही.

‘मागणी वाढली’ हेच घ्या. किंमत उतरली आणि लोक जास्त घेऊ लागले की आपण सहज असं म्हणतो. उत्तरपत्रिकेत ते चूक ठरतं. त्याच वस्तूची किंमत बदलल्यामुळे नग बदलले तर आपण त्याच मागणी वक्रावर (कोणत्या किमतीला किती नग घेतले जातील ते दाखवणाऱ्या रेषेवर) वर-खाली सरकतो. पाठ्यपुस्तकात याला मागणीचा विस्तार किंवा संकोच म्हणतात. उत्पन्न, आवड, पर्यायी वस्तूची किंमत यांपैकी काही बदललं तर अख्खा वक्र जागा सोडतो; ती मागणीतली वृद्धी किंवा ऱ्हास. हा फरक न कळलेलं मूल पुढे एका गमतीशीर चक्रात अडकतं: पीक कमी आलं, म्हणून भाव वाढला, म्हणून मागणी घटली, म्हणून भाव पुन्हा उतरला, म्हणून मागणी वाढली… याला अंत नाही.

यातून सुटायचा मार्ग कागदावर आहे. पेन्सिल मुलाच्या हातात द्या, तुम्ही फक्त विचारा. उभ्या अक्षावर किंमत, आडव्यावर नग, दोन्ही अक्षांना नावं. मागणीचा वक्र डावीकडून उजवीकडे उतरता, पुरवठ्याचा चढता, छेदतात तो समतोल बिंदू, म्हणजे मागणी आणि पुरवठा जुळतात ती जागा. आता विचारा, ‘सगळ्यात आधी काय बदललं?’ पीक. म्हणजे हलला तो पुरवठ्याचा वक्र, तोही डावीकडे, आणि एकदाच. नवा छेदबिंदू जुन्यापेक्षा वर आणि डावीकडे येतो: किंमत जास्त, नग कमी. मागणीचा वक्र होता तिथेच आहे, गिऱ्हाईक फक्त त्याच्यावरून वर सरकलं. गोष्ट तिथे संपते. वीस मिनिटांत अशी दोन उदाहरणं होतात. आठवड्यातून तीनदा एवढं केलं तरी परीक्षेआधीच्या पाच तासांच्या बैठकीपेक्षा जास्त हाती लागतं.

दोन्ही वक्र एकदम हलतात तेव्हा मुलं घाबरतात. मागणी आणि पुरवठा दोन्ही वाढले तर नग नक्की वाढतील. किंमत मात्र कोणता वक्र जास्त सरकला त्यावर ठरेल. ‘दिलेल्या माहितीवरून सांगता येत नाही’ हे इथे पूर्ण मार्कांचं उत्तर असतं. मुलांना ते लिहायला धीर होत नाही, म्हणून तो प्रकार घरी मुद्दाम करून घ्या.

गणितात हुशार मुलाची अडचण वेगळीच. गणितात ज्यावर दुसरं अवलंबून असतं ती राशी आडव्या अक्षावर घेतात. इथे किंमत उभ्यावर. अर्थतज्ज्ञ आल्फ्रेड मार्शलच्या 1890 च्या ग्रंथामुळे ही पद्धत रूढ झाली आणि तशीच राहिली. एवढं सांगितलं तरी चिडचिड निम्मी होते.

लवचिकता म्हणजे किंमत जितके टक्के बदलली त्या मानाने नग किती टक्के बदलले. तिच्या गणितात उत्तर पुस्तकाशी जुळत नाही ही तक्रार हमखास येते. किंमत 10 वरून 12 झाली आणि विक्री 100 वरून 90 नगांवर आली असं समजा. किंमत 20 टक्क्यांनी वाढली, नग 10 टक्क्यांनी घटले. चिन्ह बाजूला ठेवलं तर लवचिकता 0.5. आता उलटं करा, 12 वरून 10. पाया बदलला, त्यामुळे उत्तर साधारण 0.67 येतं. दोन्ही टोकांची सरासरी पाया धरली तर 0.58. तिन्ही हिशेब बरोबर, पद्धती वेगळ्या. वर्गात कोणती पद्धत शिकवली आहे ते वहीत बघा आणि तीच धरा. याच आकड्यांवरून पुढचा मुद्दाही दाखवता येतो: विक्रीची रक्कम 1000 वरून 1080 झाली. एकापेक्षा कमी लवचिकता असताना भाव वाढवला की जमा वाढते.

पालकांना घरखर्चाच्या उदाहरणांचा मोह होतो. संधी खर्च, म्हणजे एक गोष्ट निवडताना जी सोडावी लागली तिचं मोल, शिकवायला ती छान आहेत. फक्त एक लक्षात ठेवा: संधी खर्च म्हणजे सोडलेल्या सगळ्या पर्यायांची बेरीज नव्हे, त्यातला सर्वांत चांगला एकच पर्याय मोजायचा. अर्धी मुलं बेरीज करून बसतात. संधी खर्च पक्का झाला की अर्थतज्ज्ञ डेव्हिड रिकार्डोचं 1817 सालचं व्यापाराचं कोडंही सुटतं. त्याच्या आकड्यांत ठरावीक कापडाला पोर्तुगालमध्ये 90 आणि इंग्लंडमध्ये 100 माणसांचं वर्षभराचं श्रम लागतं, वाईनला 80 आणि 120. पोर्तुगाल दोन्हींत सरस, मग व्यापार कशाला? भागाकार मुलाला करू द्या: एका कापडासाठी पोर्तुगालला 1.125 वाईन सोडावी लागते, इंग्लंडला 0.83. इंग्लंडला कमी सोडावं लागतं, म्हणून कापड इंग्लंडनेच विणावं.

स्थूल अर्थशास्त्रात, म्हणजे अख्ख्या देशाच्या अर्थव्यवस्थेचा विचार करताना, मात्र घराची उपमा दगा देते. एका घराने काटकसर केली तर त्याची शिल्लक वाढते. सगळ्यांनी एकदम खर्च आवरला तर एकाचा न झालेला खर्च दुसऱ्याचं न आलेलं उत्पन्न ठरतो, आणि एकूण बचत वाढेलच असं नाही. अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्सने 1936 मध्ये ज्यावर भर दिला तो हाच मुद्दा. ‘देश म्हणजे मोठं घर’ हे जेवताना ऐकलेलं वाक्य मुलं उत्तरात जसंच्या तसं उतरवतात.

महागाईचा दर हा तसाच घसरडा शब्द. समजा, भावांची सर्वसाधारण पातळी दाखवणारा निर्देशांक 100 वरून 110 आणि पुढच्या वर्षी 115.5 झाला. दर 10 टक्क्यांवरून 5 वर आला, पण वस्तू स्वस्त झाल्या नाहीत. महाग होण्याचा वेग कमी झाला. बातमीत असा आकडा आला की थांबून विचारा, ‘भाव उतरले की दर उतरला?’

राजकीय मतं बोला, वाद घाला, हरकत नाही. पण कर बसवल्यावर काय होईल आणि कर बसवावा का, हे दोन प्रश्न वेगळे ठेवा. उत्तरपत्रिकेत पहिल्याला विश्लेषण हवं असतं आणि मूल दुसऱ्याचं भाषण लिहून येतं.

मार्क जातात ते बरेचदा क्षुल्लक कारणांनी: अक्षांना नावं नाहीत, जुना आणि नवा समतोल वेगळा दाखवलेला नाही, बाण नाही, आकृती काढली पण मजकुरात तिचा उल्लेखच नाही. ‘इतर परिस्थिती स्थिर असताना’ हे चार शब्द गाळले म्हणूनही जातात. तपासलेला पेपर घरी आला की एकूण मार्कांआधी आकृत्या बघा.

शिक्षकांना भेटायला गेलात तर ‘अभ्यास कसा आहे?’ विचारून हाती काही लागत नाही. एखादं चुकलेलं उत्तर सोबत न्या आणि विचारा: चूक व्याख्येत झाली, आकृतीत, की कारणं जोडताना? व्याख्येत असेल तर घरी तोंडी विचारता येईल, आकृतीत असेल तर रोज एक कोरा कागद. कारणं जोडताना साखळी तुटत असेल, तर मुलाला प्रत्येक वाक्यानंतर ‘म्हणून’ लावून पुढचं वाक्य बोलायला सांगा. जिथे ‘म्हणून’च्या पुढे काही सुचत नाही, तिथपासून उजळणी सुरू करा.