टू-फॅक्टर लॉगिन बसवताना या चुका टाळा

बडोद्यात बसून मी गेली बारा वर्षं वेब अ‍ॅप्लिकेशन्स लिहितो आणि दुसऱ्यांची तपासतो. टू-फॅक्टर लॉगिनच्या, म्हणजे पासवर्डनंतर मोबाइलवरचा कोडही मागणाऱ्या लॉगिनच्या, त्याच त्या चुका इतक्या वेळा दुरुस्त केल्यात की आता एकदा लिहूनच काढतो.

सगळ्यात घातक चूक म्हणजे पासवर्ड जुळला की लगेच पूर्ण अधिकाराचं टोकन (पुढच्या प्रत्येक विनंतीसोबत दाखवायचा डिजिटल पास) देणं आणि सहा आकडी कोड नुसता स्क्रीनवर मागणं. दांडिया बाजारातल्या एका पतसंस्थेचं अ‍ॅप गणपतीच्या आदल्या आठवड्यात माझ्याकडे तपासायला आलं. लिहिणारा मुलगा हुशार, पण त्याला सगळं चतुर्थीच्या आत सुरू करायचं होतं. मी पासवर्ड टाकला, कोडची स्क्रीन आली. कोड न टाकता ब्राउझरमध्ये सर्व्हरशी झालेली देवाणघेवाण दाखवणारा नेटवर्क टॅब उघडला, तर पासवर्डच्या उत्तरातच टोकन! ते उचललं, कर्लने (स्क्रीनशिवाय सर्व्हरला थेट विनंती पाठवणारं साधन) खातेउताऱ्याच्या एपीआयला (सर्व्हरवरचा माहिती देणारा पत्ता) पाठवलं. 200, म्हणजे ‘मंजूर’, असं उत्तर आलं आणि त्याखाली सभासदाच्या जमा-नावेच्या नोंदी ओळीने उतरल्या.

“पण काका, कोड टाकल्याशिवाय स्क्रीन पुढे जातच नाही,” तो म्हणाला. अरे, ज्याला चोरी करायची आहे तो तुझी स्क्रीन उघडेल कशाला? अ‍ॅप दोन आठवडे पुढे ढकललं. संस्थेचे लोक नाराज झाले, तरी मी अडून बसलो.

माझी पद्धत अशी: पासवर्डनंतर पाच मिनिटं टिकणारं वेगळं टोकन द्यायचं. त्याने कोड तपासण्याचा एकच रस्ता उघडतो, बाकी सगळीकडे 401, म्हणजे ‘ओळख पटली नाही’. खरं टोकन कोड जुळल्यावरच. सर्व्हरवर सगळे रस्ते आधी बंद ठेवतो आणि लागेल तो हाताने उघडतो. टेस्ट पास झाल्या तरी शेवटी कर्लने स्वतः दार ठोठावून बघतो. पासवर्ड विसरल्यावरचा रस्ताही तसाच तपासा. तिथे कोड मागायचा हमखास राहून जातो.

दुसरी चूक घड्याळाची. मोबाइलवर कोड दाखवणाऱ्या ऑथेंटिकेटर अ‍ॅपमधला कोड (टीओटीपी, म्हणजे वेळेवर आधारलेला एकदाच वापरायचा कोड; मानक आरएफसी 6238, सन 2011) गुप्त किल्ली आणि वेळ यांवरून निघतो आणि साधारणपणे दर 30 सेकंदांनी बदलतो. सर्व्हरचं घड्याळ दोन मिनिटं मागे पडलं की बरोबर कोडही “चुकीचा” ठरतो. मग उतावळे लोक काय करतात, तर मुदत दोन्ही बाजूंनी दहा-दहा मिनिटं वाढवतात. म्हणजे एकाच वेळी 41 कोड चालणार! एका ठिकाणी हे बघून मी सर्व्हरपाशी गेलो, तर फायरवॉलमध्ये यूडीपी 123 (सर्व्हर ज्यावरून वेळ मिळवतो तो पोर्ट) बंद होता, त्यामुळे घड्याळ महिनोन्‌महिने मिळवलंच गेलं नव्हतं. पोर्ट उघडा, क्रोनी (घड्याळ जुळवत ठेवणारा प्रोग्रॅम) चालू करा आणि मागचा-पुढचा एकेकच कोड चालू द्या. एकदा वापरलेला कोड पुन्हा घेऊ नका.

चुकीच्या प्रयत्नांना मर्यादा हवीच. सहा आकडे म्हणजे दहा लाख शक्यता, आणि स्क्रिप्ट थकत नाही. मी पाच चुकांनंतर थांबवतो.

ऑथेंटिकेटर जोडताना स्कॅन करायचा क्यूआर कोड बाहेरच्या सेवेकडून काढून घेऊ नका, गुप्त किल्लीच तिच्या हाती जाते.

जेडब्ल्यूटी या प्रकारच्या टोकनमधला मजकूर सहसा बेस64 असतो, म्हणजे नुसता वेगळ्या अक्षरांत मांडलेला, गुप्त केलेला नाही; कुणीही वाचू शकतं. सही असते ती फेरफार ओळखण्यासाठी. त्यात पॅन किंवा मोबाइल नंबर घालू नका. सहीचा अल्गोरिदम (सही तपासायची पद्धत) टोकनला विचारून ठरवू नका, तो तुमच्या कोडमध्येच पक्का करा. सहीची किल्ली गिटमध्ये (कोडचा जुना इतिहासही जपणारी प्रणाली) गेली असेल तर फाइल पुसून भागत नाही, किल्लीच बदला. टोकन लोकलस्टोरेजमध्ये (पानावरची कुठलीही स्क्रिप्ट वाचू शकते असा ब्राउझरचा साठा) ठेवणं मला अजिबात पटत नाही; स्क्रिप्टला वाचता न येणारी एचटीटीपी-ओन्ली कुकी वापरा.

एसएमएसवर सगळी भिस्त नको. तुमच्या नंबरचं सिम दुसऱ्याने काढून घेतलं की कोडही त्याच्याकडेच. शिवाय आपल्याकडे डीएलटीवर (व्यावसायिक एसएमएसच्या नोंदणीची यंत्रणा) नोंदवलेल्या टेम्प्लेटशी मजकूर जुळला नाही तर मेसेज अडतो.

आणि मोबाइल हरवेल हे पहिल्या दिवशीच धरून चाला. मोबाइलशिवाय आत येण्यासाठी दहा रिकव्हरी कोड द्या, प्रत्येक एकदाच चालणारा, आणि डेटाबेसमध्ये त्यांचा हॅशच (ज्यावरून मूळ कोड उलटा काढता येत नाही असा ठसा) ठेवा. त्या पतसंस्थेत पहिल्याच महिन्यात “साहेब, मोबाइल हरवला, ते कोडचं काढून टाका” असा फोन आला होता. काउंटरवरच्या ताईंनी काढलं नाही. ओळखपत्र घेऊन शाखेत या म्हणाल्या. तो माणूस आलाच नाही.