बीए इकॉनॉमिक्स करताय? मग क्रेडिटचा हिशोब पहिल्या सेमपासून स्वतःच्या वहीत ठेवा

मागच्या दिवाळीत धाकटी बहीण सुट्टीला घरी आली होती, एसवायला आहे, बीए इकॉनॉमिक्स. एफवायच्या दोन्ही मार्कशीट फरशीवर पसरून बसलो आणि तिला साधं विचारलं की आत्तापर्यंत क्रेडिट (प्रत्येक पेपर पास केला की त्याच्या तासांच्या हिशोबाने जमा होतात ते) किती झाले, तर म्हणाली "दादा, सगळ्यात पास आहे की मी". मोजले तर ४४ पाहिजे होते आणि भरले ४२. वर्षभर एनएसएसला गेली होती पोरगी, पण त्या को-करिक्युलरचे २ क्रेडिट कॉलेजकडून चढवायचेच राहिले होते. तेव्हा कळलं म्हणून अर्ज देऊन दुरुस्त झालं, टीवायच्या शेवटी कळलं असतं तर रिझल्ट अडकला असता. म्हणून हे सगळं लिहितोय, कारण आता डिग्री पूर्ण होणं म्हणजे नुसतं पेपर पास होणं राहिलेलं नाहीये.

आधी मोठा आकडा डोक्यात बसवा. नवीन शैक्षणिक धोरणानुसार यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) डिसेंबर २०२२ मध्ये जी चौकट दिली त्यात तीन वर्षांच्या पदवीला कमीत कमी १२० क्रेडिट आणि चार वर्षांच्या ऑनर्सला १६० क्रेडिट लागतात. महाराष्ट्राचा एप्रिल २०२३ चा जीआर आहे त्यात एका सेमला २० ते २२ क्रेडिट धरलेत, म्हणजे तीन वर्षांचे १२० ते १३२. तुमच्या विद्यापीठाचा नक्की आकडा सिलॅबसच्या पहिल्या दोन-तीन पानांवर तक्त्यात असतो, ते पान प्रिंट काढून वहीला चिकटवून टाका. सिनियरने सांगितलेल्या आकड्यावर जाऊ नका, त्याचा पॅटर्न वेगळा असू शकतो.

थिअरीचा १ क्रेडिट म्हणजे १५ तास शिकवणं, म्हणून ४ क्रेडिटच्या पेपरला ६० तास. प्रॅक्टिकल किंवा फिल्डवर्कला १ क्रेडिटला ३० तास. हे कशाला लक्षात ठेवायचं ते पुढे इंटर्नशिपला कळेल.

आता वहीत काय लिहायचं. डावीकडे क्रेडिटचे गट लिहा: मेजर (तुमचं इकॉनॉमिक्स), मायनर (दुय्यम विषय), ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेतला विषय), व्होकेशनल म्हणजे व्हीएससी, स्किलचे एसईसी, भाषेचे एईसी, मूल्यशिक्षणाचे व्हीईसी, भारतीय ज्ञान प्रणाली म्हणजे आयकेएस, को-करिक्युलर, आणि मग ओजेटी (इंटर्नशिप), फिल्ड प्रोजेक्ट, कम्युनिटी एंगेजमेंट. वर आडवे सहा सेम. प्रत्येक चौकटीत दोन आकडे, किती पाहिजेत आणि किती मिळाले. दुसरा आकडा मार्कशीट हातात आल्यावरच भरायचा, "झालाय पेपर, पास होईल" असं धरून नाही. मेजरमध्ये सगळे लक्ष देतात, ते सहसा राहत नाही, राहतात ते हे २-२ क्रेडिटवाले. आमच्या जुन्या पॅटर्नमध्ये पण हेच व्हायचं, माझ्या बॅचच्या एका मैत्रिणीला इकॉनॉमिक्सच्या सगळ्या पेपरला फर्स्ट क्लास होता आणि एसवायचा पर्यावरणाचा पेपर राहून गेलेला, त्यापायी तिची डिग्री एक सेम लटकली आणि एमएची ॲडमिशन गेली. त्या पेपरला कोणी गंभीर घेत नव्हतं पण पास होणं कंपल्सरी होतं.

मेजरचं बघू. मायक्रो, मॅक्रो, स्टॅटिस्टिक्स किंवा संख्याशास्त्रीय पद्धती, भारतीय अर्थव्यवस्था, सार्वजनिक आयव्यय, बँकिंग, आंतरराष्ट्रीय अर्थशास्त्र, विकासाचं अर्थशास्त्र, थोडीफार नावं बदलून सगळीकडे हेच आहे. बारावी आर्ट्सवरून आलेल्यांना मॅथ्सची भीती असते, मलाही होती. पण पहिल्या दोन सेममध्येच डेरिव्हेटिव्ह आणि सरासरी-विचलन नीट करून घ्या, कारण सीमांत खर्च, सीमांत उपयोगिता, लवचिकता हे सगळं शेवटी तेच आहे, आणि ज्याला तिथे कळत नाही तो टीवायला इकॉनॉमेट्रिक्स (आकडेवारीवरून अर्थशास्त्र तपासणं) किंवा रिसर्च मेथडॉलॉजी आली की पाठांतरावर येतो आणि पाठांतर तिथे चालत नाही. मागणीची लवचिकता (भाव बदलला की मागणी किती प्रमाणात बदलते) स्वतः काढून बघा, भाव २० वरून २५ झाला आणि विक्री १०० वरून ९० वर आली तर भाव २५ टक्के वाढला, मागणी १० टक्के घटली, लवचिकता ०.४ (मागणी घटली म्हणून उणे, पण बोलताना आपण आकडाच बोलतो), म्हणजे एकापेक्षा कमी, वस्तूची मागणी कमी लवचिक. कांद्याचा भाव चढला तरी घरात कांदा यायचा थांबत नाही तो का, ते या एका आकड्यात आहे. असे पाच-सहा आकडे घेऊन सोडवले की डोक्यातनं जात नाही.

आणि आकृत्या. इकॉनॉमिक्सच्या पेपरात आकृती काढली आणि आडव्या अक्षाला नग, उभ्या अक्षाला किंमत असं लिहिलंच नाही, वक्राला डी डी किंवा एस एस नाव नाही, तर ती आकृती काढल्याचा काही उपयोग नाही, मार्क जातात. पट्टी-पेन्सिलने काढा, मोठी काढा, आणि खाली दोन ओळींत ती काय सांगते ते लिहा. मराठी माध्यमातून लिहिणाऱ्यांनी संज्ञा मराठीत लिहून बाजूला इंग्रजी शब्द पण लिहावा, तपासणाऱ्याला शंका राहत नाही.

आता ग्रेडचं गणित, हे फार कमी जण करतात. एसजीपीए म्हणजे त्या सेमची सरासरी ग्रेड: प्रत्येक पेपरचे क्रेडिट गुणिले ग्रेड पॉइंट, सगळ्याची बेरीज, भागिले एकूण क्रेडिट. समजा २२ क्रेडिटच्या सेममध्ये बेरीज १६८ आली, तर १६८ भागिले २२, म्हणजे ७.६४. त्यात ४ क्रेडिटच्या मायक्रोला ७ पॉइंट होते. तिथे ९ आणले असते तर बेरीज १७६ आणि एसजीपीए बरोबर ८. तेच दोन पॉइंट २ क्रेडिटच्या एखाद्या पेपरमध्ये वाढवले असते तर १७२, म्हणजे ७.८२. मेहनत तेवढीच असेल तर मोठ्या पेपरवर घाला, पण लहान पेपर नापास होऊ देऊ नका, दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत.

केटी लागली (पेपर राहिला) तर घाबरू नका पण लपवू पण नका. एटीकेटीचा नियम प्रत्येक विद्यापीठाचा वेगळा, किती क्रेडिट राहिले तर पुढच्या वर्षाला बसू देतात ते परीक्षा विभागाच्या सर्क्युलरमध्ये असतं, ते वाचा. इंटर्नल आणि लेखी परीक्षा दोन्हीत वेगळं पास व्हायचं आहे का ते पण बघा, बऱ्याच पोरांना लेखीला मार्क असतात आणि ट्युटोरियल दिलेलं नसतं म्हणून ते अडकतात. मार्क अनपेक्षित कमी आले तर आधी उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवा, बघा, मगच रिव्हॅल्युएशन टाका, दोन्हीला मुदत कमी असते.

ओजेटी म्हणजे इंटर्नशिप. ४ क्रेडिटची असेल तर १२० तास. शहरातल्या मोठ्या कंपनीच्या मागे धावायची गरज नाही, गावातली पतसंस्था, बाजार समिती, सीएचं ऑफिस, बचत गटांचं काम करणारी संस्था, हे इकॉनॉमिक्सच्या पोरांसाठी खरं तर जास्त कामाचं आहे. माझ्या ओळखीतल्या एका मुलाने बाजार समितीत बसून महिनाभर रोजची आवक आणि भाव नोंदवले, त्याचा फिल्ड प्रोजेक्ट त्यातनंच उभा राहिला. जायच्या आधी कॉलेजकडून पत्र घ्या, रोजची तासांची नोंद सहीसकट ठेवा, आणि शेवटी लेटरहेडवर शिक्क्यासह सर्टिफिकेट घ्या ज्यात तारखा आणि एकूण तास लिहिलेत. नुसतं "यांनी काम केले" असलेलं पत्र परत येतं.

'स्वयम्' या सरकारी पोर्टलवरचा ऑनलाइन कोर्स करून क्रेडिट मिळवता येतात, एका सेममध्ये ४० टक्क्यांपर्यंत मुभा यूजीसीने दिलीये, पण आधी विभागप्रमुखांकडून लेखी परवानगी घ्या. कोर्स करून मग विचारलं तर कोणी धरेलच असं नाही.

तिसऱ्या वर्षानंतर थांबायचं की चौथं वर्ष करायचं हा निर्णय एसवायलाच सुरू करा. रिसर्चसह ऑनर्स करायचं असेल तर पहिल्या सहा सेममध्ये ७५ टक्के लागतात आणि चौथ्या वर्षात १२ क्रेडिटचं संशोधन असतं. चौथं वर्ष केलं की पुढे एमए एक वर्षाचं, तीनवर थांबलात तर दोन वर्षांचं. चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असतील तर पीएचडीला थेट अर्ज करता येतो. माझं मत विचाराल तर नोकरी किंवा स्पर्धा परीक्षा पक्की ठरलेली असेल तर तीन वर्षं पुरे, रिसर्चची आवड असेल तर चौथं करा, आणि "बघू" असं असेल तर सहाव्या सेमपर्यंत टक्केवारी सांभाळा म्हणजे दार उघडं राहील. घरच्या अडचणीने मध्येच सोडावं लागलं तरी केलेलं वाया जात नाही, पहिल्या वर्षानंतर ४० क्रेडिट आणि त्याशिवाय जादा ४ क्रेडिटचा कामाचा कोर्स केला तर सर्टिफिकेट, दुसऱ्यानंतर ८० आणि तसेच ४ असतील तर डिप्लोमा. तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करायची.

हे सगळे क्रेडिट जमा होतात अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, डिजिलॉकरवरून खातं निघतं. इथे सगळ्यात जास्त घोळ नावाचा होतो. आधारवर एक स्पेलिंग, दहावीच्या मार्कशीटवर दुसरं, कॉलेजच्या फॉर्मवर तिसरं, मग क्रेडिट जुळत नाहीत. पहिल्याच महिन्यात तिन्ही कागद शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवा, आईचं नाव पण बघा. प्रत्येक सेमचा रिझल्ट लागला की दोन-तीन आठवड्यांनी खात्यात क्रेडिट दिसतात का ते तपासा, नाही दिसले तर मार्कशीटची झेरॉक्स जोडून कॉलेजला अर्ज द्या आणि पोच घ्या, पोच फार महत्त्वाची.

शेवटचा रिझल्ट लागला की बऱ्याच जणांना वाटतं डिग्री आपोआप घरी येईल. पदवीदान समारंभाचा फॉर्म वेगळा भरावा लागतो, फी भरून, मुदतीत. तोपर्यंत ॲडमिशनला पासिंग सर्टिफिकेट चालतं. बाहेरच्या विद्यापीठात जाणार असाल तर मायग्रेशन सर्टिफिकेट काढा, परदेशाचा विचार असेल तर ट्रान्सक्रिप्टचे (सगळ्या सेमच्या मार्कांचा विद्यापीठाचा एकत्र दाखला) दोन-तीन सेट एकदमच काढून ठेवा, परत परत विद्यापीठात चकरा मारायला लागत नाहीत. जाताना सहाही मार्कशीटची एक फाइल आणि ती चिकटवलेल्या तक्त्याची वही सोबत असू द्या.