महान बास्केटबॉलपटूंच्या विजयांची तुलना कशी करावी

एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधला सर्वांत मोठा खेळाडू कोण, या वादात कोणीतरी कधी ना कधी म्हणतंच, "तो असताना संघ किती जिंकायचा ते बघ!" मला हा निकष मनापासून पटतो. गुण, रिबाउंड (हुकलेला फटका पकडणं), असिस्ट (बास्केट होईल असा पास देणं) या सगळ्यांचा हिशेब शेवटी सामना जिंकण्यापाशीच येऊन थांबतो. अडचण एवढीच की बहुतेक जण एका खेळाडूचा आकडा एका पद्धतीने काढतात, दुसऱ्याचा दुसऱ्या पद्धतीने, आणि मग दोन्ही शेजारी ठेवून निकाल देऊन मोकळे होतात. वही किंवा एक्सेल घेऊन एक संध्याकाळ बसलात, तर स्वच्छ हिशेब तुम्ही स्वतः मांडू शकता.

आधी प्रश्न पक्का करा

एकूण विजय आणि विजयाचं प्रमाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. करीम अब्दुल-जब्बार 20 हंगाम खेळला. नियमित हंगामातले 1,560 सामने आणि त्यांत 1,074 विजय, म्हणजे 68.8 टक्के. लॅरी बर्डने 897 सामन्यांत 660 विजय पाहिले, म्हणजे 73.6 टक्के. एकूण विजयांत करीम चारशेहून जास्त सामन्यांनी पुढे आहे, टक्केवारीत बर्ड. करीम 42 वर्षांचा होईपर्यंत खेळत राहिला, बर्डला पाठीच्या दुखण्याने 35 व्या वर्षीच थांबवलं. एक आकडा टिकून राहण्याचा आहे, दुसरा रोजच्या धारेचा. मी दोन्ही रकाने ठेवतो आणि त्यांची सरासरी कधीच काढत नाही.

हंगाम नव्हे, सामने मोजा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. बिल रसेलबद्दल 70.5 टक्के हा आकडा नेहमी ऐकू येतो. रसेल बॉस्टन सेल्टिक्सकडून 1956-57 ते 1968-69 असे 13 हंगाम खेळला. त्या हंगामांत संघाने 716 सामने जिंकले आणि 299 हरले, त्यावरून हा आकडा येतो. पण ही बेरीज 1,015 सामन्यांची होते आणि रसेल खेळला 963. राहिलेल्या 52 सामन्यांत तो कोर्टवर नव्हताच. त्यांतले 24 तर पहिल्याच हंगामातले, कारण तो मेलबर्न ऑलिंपिकमध्ये अमेरिकेसाठी सुवर्णपदक जिंकून मग संघात आला.

आता मायकल जॉर्डन घ्या. त्याचे 1,072 सामने, 706 विजय, 65.9 टक्के. हा आकडा तो स्वतः खेळलेल्या सामन्यांचाच आहे. रसेलचा 70.5 आणि जॉर्डनचा 65.9 शेजारी ठेवले की वाटतं, फरक साडेचार टक्क्यांचा. पण दोघांच्या मोजपट्ट्याच वेगळ्या आहेत. जॉर्डनलाही हंगामाची पट्टी लावून पाहा. त्याच्या 15 हंगामांत शिकागो बुल्स आणि वॉशिंग्टन विझार्ड्स मिळून 1,230 सामने होतात आणि विजय 769, म्हणजे 62.5 टक्के. साडेतीन टक्के कुठे गेले? 1985-86 मध्ये पाय मोडल्यामुळे जॉर्डन 18 सामनेच खेळला आणि बुल्स 30-52 वर थांबले (आधी विजय, मग पराभव). 1994-95 मध्ये तो निवृत्तीतून परतला तेव्हा 17 सामने उरले होते. हंगामाच्या हिशेबात त्याने न खेळलेले पराभवही त्याच्याच खात्यावर चढतात.

म्हणून प्रत्येक खेळाडूचा सामन्यागणिक तक्ता उघडा. बास्केटबॉल रेफरन्स या संकेतस्थळावर तो मिळतो आणि निकालही समोरच असतो. खेळाडू ज्या सामन्यांत उतरला तेवढेच मोजा. बाकावरून येऊन दहा मिनिटं खेळला असेल, तरी सामना धरा.

काय धरायचं, काय सोडायचं

नियमित हंगाम आणि प्लेऑफ (हंगामानंतरच्या विजेतेपदासाठीच्या फेऱ्या) एकत्र करू नका. प्लेऑफमध्ये समोरचा संघ तगडा असतो, त्यामुळे तिथले 60 टक्के नियमित हंगामातल्या 60 टक्क्यांपेक्षा जड आहेत. जॉर्डनचे प्लेऑफ 119-60, टिम डंकनचे 157-94. हंगामपूर्व सामने मात्र अजिबात धरू नका. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत वरळीच्या डोममध्ये इंडियाना पेसर्सने सॅक्रामेंटो किंग्जला दोनदा हरवलं. तो आपल्याकडच्या चाहत्यांसाठी मोठाच प्रसंग होता, पण कारकिर्दीच्या नोंदीत त्या विजयांना जागा नाही.

एकूण विजयांची तुलना करताना हंगामाची लांबीही बघा. रसेलच्या पहिल्या हंगामात संघाला 72 सामने होते. 82 ची पद्धत 1967-68 पासूनची. 1998-99 मध्ये मालक आणि खेळाडूंच्या वादामुळे 50 च सामने झाले.

"तो नसताना" हा रकाना जोडा

खरी मजा इथे सुरू होते. 1994-95 मध्ये जॉर्डन येण्याआधी बुल्स 34-31 होते, आल्यावर 13-4. म्हणजे 52 टक्क्यांवरून 76. आकडा बोलका आहे, पण 17 सामन्यांवर फार भार टाकू नका. एवढ्या थोड्या सामन्यांत सोपं वेळापत्रकही मोठा फरक पाडतं.

जे खेळाडू क्वचितच बाहेर बसतात, त्यांच्यासाठी आगमनाआधीचा आणि निवृत्तीनंतरचा हंगाम तपासा. बर्ड येण्याआधी सेल्टिक्स 29-53, आल्यावर लगेच 61-21. रसेल असताना शेवटच्या हंगामात 48-34, गेल्यावर बरोबर उलट, 34-48.

हे आकडे पाहून हरखून जायला होतं, म्हणून इथेच थांबून एक प्रश्न विचारा: त्याच वेळी आणखी काय बदललं? रसेलबरोबरच त्याचा सहकारी सॅम जोन्सही निवृत्त झाला होता. सॅन अँटोनियो स्पर्स डंकन येण्याआधी 20-62 होते, त्याच्या पहिल्याच हंगामात 56-26. पण आधीच्या वर्षी डेव्हिड रॉबिन्सन दुखापतीमुळे 6 सामनेच खेळला होता. ते 36 जास्तीचे विजय एकट्या डंकनच्या नावावर लिहिणं हा रॉबिन्सनवर अन्याय आहे. केविन गार्नेट आला तेव्हा सेल्टिक्स 24 विजयांवरून 66 वर गेले. त्याच उन्हाळ्यात रे ॲलनही आला होता, आणि आदल्या वर्षी पॉल पियर्स 47 च सामने खेळू शकला होता.

उलट दिशेनेही फसायला होतं. जॉर्डन 1993 मध्ये निवृत्त झाला आणि बुल्सचे विजय 57 वरून 55 वर आले, फक्त दोनने कमी. यावरून त्याची किंमत दोन विजय ठरवणारे लोक मला भेटले आहेत. स्कॉटी पिपेन तेव्हा ऐन भरात होता, टोनी कुकोच आणि स्टीव्ह कर नव्याने आले होते, हे त्यांच्या हिशेबात नसतं. आणि लागोपाठ तीन विजेतेपदं मिळवलेला तो संघ त्या वर्षी प्लेऑफच्या दुसऱ्या फेरीतच न्यू यॉर्क निक्सकडून हरला.

सोबत्यांची नावं लिहा

प्रत्येक ओळीपुढे त्या काळातले दोन-तीन मुख्य सहकारी आणि प्रशिक्षक लिहा. स्पर्सच्या मनू जिनोबिलीचं उदाहरण घ्या. 1,057 सामने, 762 विजय, 72 टक्के. जॉर्डनपेक्षा बरेच जास्त. मला जिनोबिलीचा खेळ अतिशय आवडतो आणि बाकावरून येऊन सामना फिरवणारे त्याच्यासारखे फार थोडे झाले. पण त्याच्या ओळीपुढे डंकन, टोनी पार्कर आणि प्रशिक्षक ग्रेग पोपोविच ही नावं जवळजवळ कायम आहेत. म्हणून जिनोबिलीची तुलना मी जॉर्डनशी करत नाही, पार्करशी करतो. एकाच संघातल्या, एकाच काळातल्या दोघांमध्ये हा निकष सर्वांत चोख काम करतो.

संघ बदलला तर ओळ बदला

कारकिर्दीचा उतार वगळावा, असं पुष्कळांना वाटतं. मी वगळत नाही, वेगळी ओळ करतो. विझार्ड्ससाठी जॉर्डन दोन हंगाम खेळला आणि संघ दोन्ही वेळा 37-45 राहिला. त्यामुळे त्याची एकूण टक्केवारी खाली आली. पण तो येण्याच्या आदल्या वर्षी तोच संघ 19-63 होता, आणि कोर्टवर उतरलेला जॉर्डन 38 वर्षांचा होता. माझ्या तक्त्यात त्या ओळीच्या डावीकडे 19-63 लिहिलेलं आहे.