हरिसा: शहाजिऱ्याशिवाय होत नाही

सांगलीत उन्हाळ्यात आमची वर्षाची चटणी कुटून झाली, की पाव किलोभर ब्याडगी मागे उरतेच. गेली तीन वर्षं ती मी हरिसासाठी राखून ठेवते.

हरिसा म्हणजे लाल मिरचीची ओली चटणी, मूळची उत्तर आफ्रिकेतल्या ट्युनिशियाची. वाळलेली लाल मिरची, लसूण, धणे, शहाजिरे, मीठ आणि ऑलिव्ह तेल, एवढंच तिच्यात असतं. २०२२ मध्ये युनेस्कोनं हरिसा करण्याची तिथली परंपरा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. अरबीत ‘हरस’ म्हणजे कुटणं, चेचणं. ठेचण्यावरून आपला ठेचा, तशीच ही.

पहिल्या वर्षी मी घरातलं साधं जिरंच घातलं. जेवताना ह्यांनी विचारलं, “लसणाची चटणी आज ओली का केलीस?” बरोबर होतं त्यांचं. मिरची, लसूण, जिरं, तेल म्हटल्यावर चव आपल्याच घरची येणार. हरिसाला वेगळी करतं ते शहाजिरं. दुकानात ते मागितलं की कधी कधी बारीक, काळपट काळं जिरं हातात पडतं. आपल्याला हवे ते दाणे तपकिरी, विळ्यासारखे वाकलेले आणि अंगावर फिकट रेघा असलेले. एक दाणा चावून बघा. आधी बडीशेपेसारखा गोडसर लागतो, मग जिभेवर थंड, किंचित कडवट चव रेंगाळते. तेच घ्या.

शंभर ग्रॅम ब्याडगी घ्या, तिखटासाठी आठ-दहा संकेश्वरी. ब्याडगीनं रंग येतो, पण नुसतीच घेतली तर झणका कमी पडतो. हाताला तेल चोळून देठ काढा, बिया झटका. कढत पाण्यात अर्धा तास झाकून ठेवा. साल बोटानं दाबली की मऊ लागली पाहिजे.

आता खरं काम. मिरच्या निथळून, दाबून पाणी काढा आणि स्वच्छ सुती कापडावर तासभर पसरा. पाणी राहिलं तर हरिसा पचपचीत होते आणि टिकतही नाही. मी घाई केली त्या वर्षी आठवड्यात वर बुरशी धरली, अख्खी बरणी टाकावी लागली.

दोन चमचे धणे आणि दोन चमचे शहाजिरे कोरडेच मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाजा. शहाजिरं लवकर करपतं, म्हणून ते मागाहून टाका. गार झाले की खलबत्त्यात कुटा. मग पाट्यावर पंधरा-सोळा लसणाच्या पाकळ्या दीड चमचा मिठाबरोबर वाटा, मिरच्या थोड्या थोड्या घालत जा, शेवटी कुटलेला मसाला. मिक्सर चालतो, पण थांबत थांबत फिरवा आणि पाण्याऐवजी तेल घाला. पाट्यावर सालीचे बारीक कण राहतात, ते मला फार आवडतात.

चार-पाच मोठे चमचे ऑलिव्ह तेल कालवा. शेंगतेल घालून पाहिलं, पण त्याचाच वास वर येतो. अर्ध्या लिंबाचा रस मी घालते. कोरड्या काचेच्या बरणीत दाबून भरा आणि वर तेलाचा थर द्या. बरणी फ्रिजमध्येच ठेवायची. तेलात बुडालेला कच्चा लसूण बाहेर ठेवणं धोक्याचं असतं. आठवड्याभरात संपवा, कोरडाच चमचा घाला. फ्रिजमध्ये तेल गोठलेलं दिसलं तर घाबरू नका, बाहेर काढल्यावर सुटतं.

भाकरीवर थोडी हरिसा, वर तेलाची धार. किंवा तिथल्या लोकांसारखं लबलाबी करा: काबुली चणे शिजवून, शिळ्या पावाचे तुकडे वाडग्यात घालून, वर चण्यांचं गरम पाणी, लिंबू आणि चमचाभर हरिसा. इथं मात्र साधं जिरं लागतं, भाजून भरडलेलं.