छोट्या रणात पक्षी बघायला निघालात? या चुका टाळा

‘रण’ म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना धोर्डोचं पांढरंशुभ्र मीठ आणि तंबू आठवतात. मग भुजची तिकिटं निघतात, आणि दुर्बिणी घेऊन गेलेली मंडळी उंटावरचे फोटो घेऊन परततात. शनिवार-रविवारात पक्षी बघायचे असतील तर कच्छच्या छोट्या रणात जा. मुंबईहून रात्रीच्या गाडीने सकाळी विरमगामला उतरायचं. तिथून रणाच्या काठची दसाडा, झैनाबाद ही गावं तासाभराच्या आत. रानगाढवांचं हे अभयारण्य जवळपास पाच हजार चौरस किलोमीटरचं आहे.

आणि इथेच दुसरी चूक होते. आलोच आहोत तर मोढेराचं सूर्यमंदिर, पाटणची वाव (पायऱ्यांची विहीर), नळसरोवर, सगळंच उरकू! मग दोन्ही सकाळी रस्त्यावर जातात. थंडीत इथे सूर्य सव्वासातच्या पुढे उगवतो आणि त्यानंतरचे दोन-अडीच तास हेच खरं भांडवल. वाव दुपारीही जागच्या जागी असते. चंडोल दुपारी गप्प बसतो.

‘वाळवंट आहे, गरमच असणार’

दुपारी असतंही. पण पहाटे उघड्या जीपमध्ये वारा कानात शिरला की मुंबईकराचं पातळ जॅकेट पाच मिनिटांत हार मानतं. कानटोपी, हातमोजे आणि एकावर एक घालता येतील असे कपडे घ्या. भडक रंगांचे नकोत. सपाट जमिनीवर लाल स्वेटर किलोमीटरभरावरून दिसतो.

स्वतःची गाडी रणात घालणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. पावसाळ्यात हे सगळं पाण्याखाली असतं. हिवाळ्यात वरचा थर वाळून भेगाळतो, पण खाली चिखल तसाच असू शकतो. आमच्या एका मित्राने ‘फोर बाय फोर आहे’ म्हणत गाडी दामटली आणि अर्ध्या तासात ती पोटापर्यंत रुतली. अडकलातच तर ॲक्सिलरेटर दाबत राहू नका, चाक आणखी खाली जातं. सगळ्यांना उतरवा, टायरमधली हवा थोडी कमी करा, चाकाखाली झुडपं किंवा गाडीतल्या चटया टाका. त्याहून बरं म्हणजे वनखात्याची परवानगी काढून स्थानिक चालकासोबतच जा. खुणेला झाड नाही, डोंगर नाही. दिशा त्यालाच कळते. निघण्यापूर्वी त्याला फोन करून यंदा पाणी कुठे आहे तेवढं विचारा. पाऊस जास्त झाला असेल तर रोहित (फ्लेमिंगो) आणि करकोचे भरपूर, पण बऱ्याच वाटा बंद.

हुबाराचा पाठलाग

हुबारा म्हणजे आपल्या माळढोकाचा धाकटा चुलतभाऊ, हिवाळ्यापुरता पाहुणा. रणातल्या उंचवट्यांना इथेही ‘बेट’च म्हणतात, आणि त्यांच्या आसपासच्या खुरट्या झुडपांत तो चरतो. जीप थेट त्याच्यावर नेली की तो मान खाली घालून चालू लागतो, मग पळतो, मग दिसेनासा होतो. गाडी लांब थांबवा, इंजिन बंद करा, खाली उतरू नका. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर माळढोकाची वाट पाहत बसलेल्यांना हे सांगावं लागत नाही. वीस मिनिटं काहीच घडत नाही. मग समोरचा मातकट ढेकूळ चालू लागतो.

फोटो धूसर येतात

लेन्स बिघडलेली नसते. दहा वाजल्यानंतर जमीन तापते, हवा थरथरते आणि लांबचं रानगाढव पाण्यात उभं असल्यासारखं दिसतं. महागडी लेन्सही त्यावर उपाय नाही. अंतर कमी असेल तेव्हाच क्लिक करा किंवा कॅमेरा बाजूला ठेवून चहा प्या. दुसरं कारण धूळ, तीही खारट. शर्टाच्या टोकाने काच पुसलीत तर ओरखडे कायमचे. आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश, शेवटी कापड.

दुर्बिणीतून दोन वर्तुळं दिसत असतील तर मधला सांधा डोळ्यांच्या अंतराएवढा जुळवा. एकाच डोळ्याला अंधूक दिसत असेल तर आधी डाव्या डोळ्याने मधल्या चाकावर फोकस करा, मग उजवीकडची कडी फिरवा. चष्मेवाल्यांनी रबरी कप खाली दुमडावेत. अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात.

घाईने नाव ठेवणं

तपकिरी मादी भोवत्या (हॅरियर, एक शिकारी पक्षी) दिसली की लगेच वहीत ‘पांढुरकी’ (पॅलिड हॅरियर) लिहू नका. मॉंटेग्यू या दुसऱ्या भोवत्याची मादीही तशीच. गालावरच्या गडद पट्ट्यामागे फिकट कॉलर ठळक असेल तर पांढुरकी, नसेल तर बहुधा मॉंटेग्यू. उडत्या क्रौंच आणि कांड्या करकोच्यांतही गफलत होते. कांड्याचा काळा रंग मानेवरून छातीपर्यंत उतरतो, क्रौंचाचा मानेवरच संपतो. दोघांनाही इथले लोक ‘कुंज’ म्हणतात, त्यामुळे वाटाड्याने ‘कुंज’ म्हटल्यावर कोणती ते आपणच बघायचं.

रातवा (नाइटजार, रात्री फिरणारा पक्षी) बघायचा हट्ट असेल तर अंधार पडल्यावर अभयारण्यात शिरू नका. गावाबाहेरच्या शेतवाटांवर चालकाबरोबर फिरा. वाटेवर टॉर्चच्या उजेडात लाल ठिणगीसारखा डोळा चमकेल. एकदा बघा आणि टॉर्च बंद करा. आंधळा झालेला रातवा वाटेतच बसून राहतो आणि मागून येणारी गाडी त्याला दिसत नाही.