शोधनिबंधाचा डेटा आणि कोड असा द्या की दुसऱ्याकडेही तेच आकडे येतील

आधी निबंधातलं एक वाक्य खोडा. ‘मागितल्यास डेटा उपलब्ध करून दिला जाईल’ हे ते वाक्य. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, डेटा द्यायची तयारी आहे असं छापलेल्या १,७९२ शोधनिबंधांच्या लेखकांना खरोखरच मेल पाठवून डेटा मागितला गेला. ९३ टक्के लेखकांनी एकतर उत्तरच दिलं नाही, नाहीतर नकार दिला. दरवेळी लबाडीच असते असं नाही. लॅपटॉप बदललेला असतो, फाइल्स सांभाळणारा विद्यार्थी पुढे निघून गेलेला असतो.

१. मूळ डेटाची फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि तिला हात लावू नका. साफसफाई कोडमधूनच करा.

२. फाइल सीएसव्हीमध्ये (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला साधा मजकूर) द्या, आणि ‘जरा बघतो’ म्हणून एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका. सेप्ट२ या जनुकाची एक्सेल खुशाल २ सप्टेंबर ही तारीख करतं. तेव्हा एक्सेल बदललं नाही; हे आपोआप होणारं रूपांतर बंद करायची सोय त्यात २०२३ मध्ये आली. जनुकांना नावं देणाऱ्या समितीनेच हात टेकले आणि २०२० मध्ये जाहीर केलं की यापुढे ही नावं सेप्टिन२ अशी लिहायची.

३. प्रत्येक रकान्याचा अर्थ, एकक आणि ‘माहिती नाही’साठी वापरलेली खूण लिहून द्या. वयाच्या रकान्यातलं ९९९ तुम्हाला कळतं, दुसरा त्याची सरासरी काढतो.

४. आता खरी पायरी: सगळं कोऱ्या मशीनवर चालवून बघा. ‘माझ्याकडे चालतंय’ याला काडीची किंमत नाही, आणि हे मी स्वतःची फजिती करून घेऊन शिकलोय. एका निबंधातल्या तक्त्याचे आकडे यादृच्छिक नमुने घेऊन काढले होते, सीडही (यादृच्छिक निवड कुठून सुरू करायची ते ठरवणारा आकडा) नोंदवलं होतं. काही महिन्यांनी एका अनोळखी संशोधिकेचा मेल आला: तक्ता ३ जुळत नाही. मी ठसक्यात कळवलं, सीड दिलंय, तुमचंच काहीतरी चुकतंय. तीन दिवस मेलामेली झाल्यावर उलगडा झाला. माझ्याकडे आर या सांख्यिकीच्या भाषेची ३.५ ही आवृत्ती होती, त्यांच्याकडे ३.६. एप्रिल २०१९ मध्ये आलेल्या ३.६.० पासून सॅम्पल हे फंक्शन आकडे वेगळ्या रीतीने निवडतं, कारण जुन्या रीतीत किंचित खोट होती. सीड १२३ ठेवून १ ते १० पिसायला सांगा: जुनं आर ३, ८, ४, ७ असं सुरू करतं, नवं ३, १०, २, ८ असं. पहिला आकडा सारखाच, म्हणून पटकन लक्षातही येत नाही. मी माफी मागितली, पण पहिला मेल काही परत घेता येत नाही.

तर जी झिप फाइल तुम्ही चढवणार आहात, नेमकी तीच सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर उघडा. तुम्ही शेजारी बसा, पण तोंड उघडू नका. ‘अगं, ते आधी चालवायचं’ असं जिथे जिथे जिभेवर येईल, तिथे तिथे रीडमीमध्ये (सोबतच्या सूचनांच्या फाइलमध्ये) एक ओळ कमी आहे. पहिला धक्का बहुधा फाइलच्या पत्त्याचा बसतो: कोडमध्ये तुमच्या डेस्कटॉपचा पूर्ण पत्ता असतो आणि त्या लॅपटॉपवर तो डेस्कटॉपच नसतो. दुसरा धक्का जुन्या सेशनचा. केव्हाच पुसलेल्या ओळीने बनवलेला तक्ता तुमच्या मेमरीत बसलेला असतो आणि कोड त्याच्याच जिवावर चालत असतो. आर चालवायच्या आरस्टुडिओ या प्रोग्राममध्ये जुनं सेशन परत आणण्याची सोय आजच बंद करा.

मग वापरलेल्या पॅकेजांच्या आवृत्त्या नोंदवा: त्यासाठी आरमध्ये आरएन्व्ह हे पॅकेज आहे, पायथनमध्ये पिप फ्रीझ ही आज्ञा. हाताने काढून टाकलेल्या ओळी असतील (असतातच, लाजू नका) तर त्या वगळणं कोडमध्ये आणा आणि शेजारी कारण लिहा. शेवटी छापलेला प्रत्येक तक्ता समोर ठेवून आकडा आकड्याशी ताडून बघा.

‘सरळ डॉकर लावा’ हा सल्ला मला ऊठसूट मिळतो. डॉकर म्हणजे कोडसकट त्याला लागणारं सगळं सॉफ्टवेअर एका डब्यात बंद करून देणारं साधन. ते चांगलं आहे, पण हे सगळं झाल्यावर. आधीच लावलंत तर घोळ जातच नाही, नुसता हवाबंद होतो.

५. माणसांची माहिती असेल तर नुसती नावं खोडून भागत नाही; जन्मतारीख, लिंग आणि पत्ता एकत्र आले की माणूस सापडतो. अशा डेटासाठी नियंत्रित प्रवेश देणारं भांडार बघा, कोड मात्र खुला ठेवा.

६. बाकीचं सगळं झेनोडो या संशोधनाच्या खुल्या भांडारावर चढवा. नुसतं गिटहब (कोड ठेवायचं संकेतस्थळ) पुरत नाही, तिथलं कोठार उद्या तुम्हीच पुसू शकता. झेनोडो एका नोंदीत ५० जीबीपर्यंत घेतं आणि प्रकाशित करण्याआधी डीओआय (कायमचा ओळख क्रमांक) राखून ठेवू देतं. तो निबंधात घाला. परवाना: डेटाला सीसी बाय ४.० (श्रेय देऊन कुणीही वापरावा), कोडला एमआयटी (हाही तसाच मोकळा).

७. नंतर चूक सापडली तर नवी आवृत्ती चढवा. तिला वेगळा डीओआय मिळतो, शिवाय सगळ्या आवृत्त्यांचा मिळून एक सामाईक डीओआय असतो. निबंधात त्या त्या आवृत्तीचाच द्या. सामाईक डीओआय वाचणाऱ्याला सर्वांत नव्या फाइलवर नेतो, आणि तुमचे छापलेले आकडे जुन्या फाइलचे असतात.